ओल्या धानाचं समीकरण

गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांना मिश्रणाची गणितं शिकवायची तर दूध-पाण्यापेक्षा धान बरं पडतं. आधारभूत केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला की धान घेत नाहीत, पुन्हा वाळवावं लागतं, हे इथल्या पोराला पुस्तकातून कळावं लागत नाही.

तिरोडा तालुक्यातल्या माझ्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं: १०० किलो धानात २० टक्के ओलावा. वाळवून तो १७ वर आणला, तर धान किती भरेल?

‘९७ किलो!’ अख्खा वर्ग.

‘वाळताना काय उडून जातं?’

‘पाणी.’

‘आणि काय जात नाही?’

वर्ग गप्प. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, ‘सर, सुकं धान तर तेवढंच राहते ना.’

गणित तिथेच सुटलं. सुकं धान ८० किलो. वाळल्यावरचं वजन क्ष धरलं, तर त्याचे ८३ टक्के म्हणजे हेच ८० किलो. ०.८३ क्ष = ८०, म्हणून क्ष साधारण ९६.३९. ओलाव्याचे १७ टक्के काढायचे ते घटलेल्या वजनावर, आधीच्या १०० किलोंवर नाही. क्विंटलमागे सहाशे ग्रॅमचा हा फरक एका मुलाने न सांगता ४० क्विंटलला लावला. साडेचोवीस किलो! वर्गात एकदम कुजबुज झाली.

मुलं बीजगणितात अडत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. मिसळताना किंवा वाळताना जे बदलतं त्याच्यामागे ती धावतात. जे कायम राहतं ते आधी धरायला त्यांना कोणी सांगत नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त सोन्याच्या मिश्रणाची रीत दिली, तिचा गाभाही हाच: प्रत्येक तुकड्याचं वजन गुणिले त्याचा कस, या गुणाकारांची बेरीज आटवल्यावरही तीच राहते. तिला एकूण वजनाने भागलं की नवा कस मिळतो.

रेशनवर पोषणयुक्त तांदूळ येऊ लागला तेव्हा नवं उदाहरण आयतंच मिळालं. दर १०० किलो तांदळाला लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ असलेले १ किलो दाणे मिसळायचे. मग ५० किलोच्या कट्ट्यात असे दाणे किती? ‘अर्धा किलो’ म्हणणारे पुष्कळ निघाले. पण काहींनी आधी कट्ट्याचं वजन पक्कं धरलं आणि मांडलं: क्ष + १०० क्ष = ५०. उत्तर सुमारे ४९५ ग्रॅम.