एक बोट सैल

बैल जुंपल्यावर गळ्याखालच्या जोत्यात एक बोट घालून बघायचं. बोट अडलं तर बैलाला फास, दोन गेली तर जू निसटणार. गंगापूरच्या रानात वडिलांनी शिकवलेली ही खूण. सर्जरी मी घाटी रुग्णालयात शिकलो, पण जठराच्या वरच्या टोकाशी काम करताना आठवतं ते हेच बोट.

आमच्याकडे छातीतल्या जळजळीचं नाव एकच, पित्त. दोष कधी ठेच्याचा, कधी उपाशीपोटी घेतलेल्या चहाचा, कधी वाळूजच्या रात्रपाळीतल्या अवेळी डब्याचा. बहुतेकांचं पथ्य आणि गोळीवर भागतं. अशांना मी ऑपरेशनच्या वाऱ्यालाही उभं करत नाही. एका मावशींचं वेगळं होतं. कापूस वेचायला वाकल्या की आंबट पाणी नरड्याशी, रात्री आडवं झालं की ठसका. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून झोपायच्या. “डॉक्टरसाहेब, गोळीनं आग थांबतीय, पानी न्हाई थांबत.” पुस्तकाला या मुद्द्यासाठी चार पानं लागतात.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटलाचा पडदा असतो. त्यातल्या भोकातून अन्ननलिका खाली उतरते. भोक सैलावलं की जठराचा माथा छातीत सरकतो; हाच हायटस हर्निया. गोळी आम्ल कमी करते, भोक शिवत नाही.

शिवायचं कसं? पोटाला पाच बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून जठर खाली ओढायचं, भोक टाक्यांनी आवळायचं आणि जठराचा माथा अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळायचा. ही गुंडाळी रुडॉल्फ निसेन या जर्मन ज्यू सर्जनची. हिटलर आल्यावर देश सोडून ते इस्तंबूलला गेले. तिथे १९३६ साली एका रुग्णाची अन्ननलिका पुन्हा जोडताना त्यांनी जोडाला आधार म्हणून जठर गुंडाळलं. पुढे कळलं, त्या माणसाची जळजळही थांबली होती. मग १९५५ साली बाझलला त्यांनी निव्वळ जळजळीसाठी ते केलं. (आइन्स्टाइनच्या पोटातल्या फुगलेल्या रक्तवाहिनीला १९४८ साली सेलोफेन गुंडाळणारे सर्जन हेच. गुंडाळण्याचा हात असावा लागतो.) त्यांच्यानंतरच्यांनी ती गुंडाळी आखूड आणि सैल करत आणली, फ्रान्सच्या तूपे यांनी १९६३ साली ती पूर्ण वेढा न घालता अर्धवटच ठेवली.

सैल का, ते मला चुकून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणाला मी हौसेनं घट्ट वेढा घातला. आंबट पाणी थांबलं, पण महिना उलटून गेला तरी भाकरीचा घास छातीत अडकायचा. शेवटी फुग्यानं वाट रुंद करावी लागली. ती चूक माझीच. तेव्हापासून अन्ननलिकेची ढकलण्याची ताकद आधी मोजतो, ताकद कमी असेल तर अर्धा वेढा घालतो आणि शेवटचा टाका घातल्यावर वेढ्याखालून चिमटा सरकवून बघतो. बोट तिथे पोचत नाही, म्हणून चिमटा.

ऑपरेशन दोन तासांचं, सांभाळणं दोन महिन्यांचं. आधी घोट घोट पाणी, मग पेज, वरणाचं पाणी, मऊ खिचडी. सहा आठवडे डोक्यावर हंडा नाही, ओझं नाही. सोडा बंद, कारण आत गेलेला वायू वर यायची वाट आता अरुंद. सुजेमुळे घास अडतो, हळूहळू मोकळा होतो. भाकरी महिनाभर नाही, मग दुधात कुस्करून. मराठवाड्यात हे शेवटचं पथ्य पाळून घेणं ऑपरेशनहून अवघड. नातेवाईक बाकी सगळं ऐकतात, आणि तिसऱ्या दिवशी म्हणतात, “भाकरीबिगर ताकद कुठून येनार?”

ढेकराचंही आधीच सांगून ठेवतो. जेवून उठलेल्या माणसानं ढेकर दिला नाही तर आपल्याकडे वाढणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं. या ऑपरेशननंतर तो पहिल्यासारखा येईलच असं नाही, काहींना पोट फुगल्यासारखं होतं, उलटीही सहसा होत नाही. हे न सांगता टाके घातले तर तक्रार खरी ठरते.

मावशी ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी ओपीडीत आल्या. खाटेखालच्या विटा काढून चुलीला लावल्या म्हणाल्या. ढेकर येतो का, विचारलं.

“येतो. पन ल्हान.”