कार्बोरेटरला काही कळत नाही

कार्बोरेटरला काहीच कळत नाही. बाहेर किती ऊन आहे, आपण खाडीकाठी आहोत की घाटमाथ्यावर, टाकीत कुठलं पेट्रोल आहे, त्याला काही पत्ता नसतो. मध्येच अरुंद होणारी एक नळी, तिच्यातून वेगाने जाणारी हवा, त्या वेगामुळे कमी होणारा दाब, आणि त्यामुळे पितळी जेटच्या बारीक भोकातून वर ओढलं जाणारं पेट्रोल. संपलं. सेन्सर नाही, मेमरी नाही, एकही ओळ कोड नाही.

1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. आता एक छोटा कॉम्प्युटर सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. आमच्या भाषेत, लूप बंद आहे. कार्बोरेटरचा लूप उघडा. तो बंद करायला कुणीतरी माणूस लागतो.

आमच्या घरी ते माणूस म्हणजे बाबा. पोलादपूरच्या घराच्या पडवीत त्यांची 1994 ची यामाहा आरएक्स 100 उभी असते. 98 सीसी, टू-स्ट्रोक, मिकुनीचा कार्बोरेटर. 1985 ते 1996 एवढीच वर्षं ही गाडी बनली, तरी अजून तिच्यावर जीव टाकणारी माणसं गावोगाव आहेत. बाबा मात्र जीवबीव टाकत नाहीत, रोज चालवतात. बाजार, बँक, शेत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "हिचा आवाज कोरडा येतोय गं. आणि तापते फार."

शनिवारी गेले. आधी त्यांना मागे बसवून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरपर्यंत गाडी नेली. खालच्या वळणांवर ती कण्हत होती. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की क्षणभर दम टाकायची. पण प्रतापगडचा फाटा मागे पडला आणि हळूहळू ती सुधारली. वर पोचेपर्यंत तर अगदी गुळगुळीत. घाट चढताना गाडी दमायला हवी, ही सुधारत होती.

त्यातच उत्तर होतं. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून तेच जेट तिथे हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देतं. म्हणजे खाली, पोलादपूरला, पेट्रोल कमी पडत होतं. मेकॅनिकच्या भाषेत गाडी लीन झाली होती.

कारण टाकीत होतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते. इथेनॉलला फक्त नऊच्या आसपास, कारण त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं ई-20. त्याचा हिशेब साडेतेराच्या जवळ येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन वजनाने आठ-नऊ टक्के जास्त हवं. नवी गाडी हे स्वतः सांभाळून घेते. 1994 च्या जेटला कोण सांगणार?

हे नुसतं पिकअपचं दुखणं असतं तर मी एवढी धावपळ केली नसती. लीन टू-स्ट्रोक तापते, पिस्टन फुगतो आणि कधीतरी सिलिंडरमध्येच अडकतो. गाडी सीझ होते, मागचं चाक लॉक होतं. जुने आरएक्सवाले उगाच दोन बोटं क्लचवर ठेवून चालवत नाहीत. क्लच वेळेवर दाबला तर वाचलात. बाबा चौसष्ट वर्षांचे आहेत, आणि ते मुंबई-गोवा हायवेवर ही गाडी चालवतात.

पडवीत गोणपाट अंथरलं. जेटला हात लावण्याआधी बाकीचे संशयित बाद करायचे होते, कारण इंजिनला जोडणारं रबर चिरलं असेल तर तिथून हवा शिरते आणि लक्षणं अगदी हीच दिसतात. रबर ठीक निघालं. पेट्रोलचा पाइप कडक झाला होता, तो बदलला. जुन्या रबराचं आणि इथेनॉलचं जमत नाही.

मग कार्बोरेटर उतरवला. त्याची वाटणी फार सुबक असते. अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम उघडा असताना पायलट जेट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊण उघडा असताना नीडल, त्यापुढे मेन जेट. गाडी कुठे रडते ते कळलं की कुणाला धरायचं ते कळतं. मी मेन जेट एक पायरी मोठं घातलं. नीडलचं लॉक एक खाच खाली घेतलं, म्हणजे नीडल तेवढी वर उचलली जाते आणि मधल्या टप्प्यात पेट्रोल वाढतं. शेवटी एअर स्क्रू, कानाने.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी. ऑफिसमध्येही हेच करते, फक्त तिथे लॉग असतात. इथे लॉग म्हणजे स्पार्क प्लग. सपाट रस्त्यावर गाडी पूर्ण पिळायची, तशीच बंद करून क्लच दाबायचा, थांबून प्लग काढायचा. पांढरा असला तर लीन, काळा काजळलेला असला तर रिच, कॉफीसारखा तपकिरी असला तर बरोबर. पहिला पांढुरका निघाला होता. रविवारी संध्याकाळचा तपकिरी होता, थोडा गडदच.

थोडा गडद मी मुद्दाम ठेवला. तो बरोबरच आहे असं मी म्हणणार नाही. रिच गाडी जास्त पेट्रोल पिते, जास्त धूर सोडते, आणि टू-स्ट्रोक एरवीही काही जळलेलं-न जळलेलं मागच्याच्या नाकात सोडतच असते. बाबांच्या सुरक्षिततेसाठी मी जो थोडा जास्त धूर निवडला, तो बाजारात त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी श्वासात जाणार. आकडे कितीही नीट मांडले तरी हे त्यांतून वजा होत नाही. बाबांना ते सांगितलं. ते म्हणाले, "मग बाजारात चालत जाईन. तसंही डॉक्टर सांगतातच."

आणखी एक अडचण होती. सोमवारी मी पुण्याला परतणार. पावसाळ्यात हवा बदलणार, इंजिन आणखी झिजणार, कार्बोरेटरला मात्र यातलं काहीच कळणार नाही. बाबांचा उजवा कान हल्ली कमी ऐकतो. "कोरडा आवाज" त्यांना किती दिवस उशिरा ऐकू आला असेल, हे मी त्यांना विचारलं नाही.

त्याऐवजी प्लग काढायला बसवलं. त्यांनी तो आयुष्यात शंभरदा काढला असेल, तरी निमूट बसले. रंग दाखवले. महिन्यातून एकदा, हायवेवरून आल्या आल्या काढायचा, दिवसाउजेडी फोटो काढायचा आणि मला पाठवायचा, असं ठरलं.

"आणि पांढरा दिसला तर?"

"तर गाडी पडवीत. मी येईपर्यंत चावी आईकडे."

हे त्यांना पटलं नव्हतं, पण त्यांनी मान हलवली.

आतापर्यंत चार फोटो आलेत. सोबत मेसेज नसतो. काळसर अंगठा, अंगठ्यावर प्लग, मागे पडवीची लादी. मी मीटिंग चालू असतानाच झूम करून बघते. चौथा जुलैतला आहे, आधीच्या तिघांपेक्षा जरा गडद. मी लिहिलं, "एअर स्क्रू पाव फेरा बाहेर." तासाभराने उत्तर आलं, "केला. आता चालतच बाजारात चाललोय."