आधी कडबा

होटगीच्या मामांनी खाटकाला विकायला रेडा पोसला होता. (2015 साली कायद्याने बैलाला अभय दिलं, रेड्याला नाही.) त्या पैशांत विहिरीचं कर्ज फिटायचं होतं. गावाला जाताना मामा म्हणाले, "आधी कडबा, मग पेंड. बेतानंच घाल बरं का!"

पण कडब्यानं कधी कुणी जाड झालंय? मी घमेलंभर भरडा आणि सरकी पेंडच पुढे ठेवली. संध्याकाळी डावी कूस नगाऱ्यासारखी! जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "कडबा नाही तर रवंथ नाही, रवंथ नाही तर लाळ नाही. मग पोटातलं आम्ल कोण मारणार? तुम्ही?"

रात्रभर सोडा पाजला. पहाटे रेड्यानं ढेकर दिला. एवढा सुरेल ढेकर मी लग्नाच्या पंगतीतही ऐकला नाही.

हल्ली मामी माझ्या ताटात आधी कोशिंबीर वाढतात.