शिकविलेला डोळा

भाद्रपद सरत आला की नांदेड जिल्ह्यातील काळ्या रानात कपाशी कमरेला लागते. पिवळसर पांढरी फुले उमलतात, दुसऱ्या दिवशी ती गुलाबी पडतात, आणि ती गळून गेल्यावर त्यांच्या जागी हिरवी, टणक बोंडे धरू लागतात. या जिल्ह्याचे आणि कापसाचे नाते जुने आहे. येथल्या कापूस संशोधन केंद्रात निघालेला 'एनएचएच ४४' हा संकरित वाण एके काळी दूरदूरच्या शेतांत पेरला जाई. आजही किनवटपासून कंधारपर्यंत कोठेही उभे राहावे, पीक मोठे डौलदार दिसते. परंतु ज्या शेतकऱ्याने २०१७ सालचा हंगाम पाहिला आहे, तो या डौलावर सहसा भाळत नाही. त्या वर्षीही महाराष्ट्रातील कपाशी बाहेरून अशीच हिरवीगार होती. बोंडे फुटण्याची वेळ आली, तेव्हा आतून किडका, डागाळलेला कापूस निघाला. गुलाबी बोंडअळीने पीक आतल्या आत खाल्ले होते.

ही अळी फार धूर्त आहे असे लोक म्हणतात. अळीला कसला धूर्तपणा? तिची राहण्याची रीतच तशी आहे. अंड्यातून बाहेर पडताच थोड्या वेळात ती कोवळ्या बोंडात शिरते. तिच्यामागे प्रवेशाचे छिद्र भरून येते आणि ती आत निवांत सरकी खात बसते. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, आणि वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. २००२ साली भारतात बीटी कपाशी आली. या कपाशीच्या अंगातच अळीला मारक असे एक प्रथिन तयार होते. २००६ मध्ये दोन प्रथिनांचे वाण आले. काही वर्षे शेतकरी निर्धास्त झाला. पण लाखो अळ्यांत थोड्या अशा निघतातच, की ज्या विषाला दाद देत नाहीत. त्याच जगल्या, त्यांचीच प्रजा वाढली, आणि काही वर्षांत गुलाबी अळीने ती दोन्ही प्रथिने पचविली.

अळी दिसत नाही हे खरे, पण तिचा पतंग पकडता येतो. रात्रीच्या वेळी मादी पतंग एक गंध सोडते आणि त्या गंधाच्या मागावर नर येतो. हा गंध रसायनशास्त्रज्ञांनी १९७३ साली ओळखला. तो आता कृत्रिम रीतीने तयार करता येतो. नरसाळ्यासारख्या सापळ्यात या गंधाची लहानशी गोळी बसवितात आणि खाली प्लास्टिकची लांब पिशवी बांधतात. यालाच कामगंध सापळा म्हणतात. गंधाला भुलून आलेला नर पिशवीत पडतो. कृषितज्ज्ञांनी यासाठी एक हिशेब घालून दिला आहे: एका सापळ्यात एका रात्री ८ पतंग, आणि असे सलग ३ रात्री सापडले, की फवारणीची वेळ आली असे समजावे.

हिशेब सोपा आहे. मोजणी मात्र सोपी नाही. सकाळी पिशवी सोडून कागदावर झटकली की त्यातून काय पडत नाही? धूळ, पाचोळा, मेलेल्या माश्या, दुसरेच कसले पतंग, तुटलेले पंख. गुलाबी बोंडअळीचा पतंग बोटाच्या पेराहूनही लहान, मातकट करड्या रंगाचा असतो. म्हाताऱ्या आजोबांचे डोळे अधू झालेले असतात, म्हणून ते नातीला हाक मारतात.

"आबा, हा पतंग की माशी?"

"पंखाच्या कडेला झालर आहे का, बघ माय."

"पंखच मोडला आहे, आबा!"

आता हा पतंग धरावा की सोडावा? एरवी हा प्रश्न क्षुल्लक वाटला असता. पण मोजणी कमी भरली तर फवारणी उशिरा होते, आणि तोवर अळी बोंडात शिरून बसते. मोजणी जास्त भरली तर विनाकारण औषध फवारले जाते. पैसा जातो आणि विष माणसाच्याही अंगावर उडते. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. कागदावरच्या त्या मोडक्या पंखाचा संबंध घरातल्या कर्त्या माणसाच्या जिवाशी असतो, तो असा.

हे मोजण्याचे काम यंत्राला शिकवावे, असे मुंबईतील 'वाधवानी एआय' या संस्थेने ठरविले. ही संस्था २०१८ साली स्थापन झाली. शेतकऱ्याने सापळ्यातले कीटक पांढऱ्या कागदावर पसरावेत, मोबाईलने त्यांचे छायाचित्र घ्यावे, आणि मोबाईलनेच त्यातले पतंग मोजून सल्ला द्यावा, अशी ही योजना होती. २०१९ साली गूगल कंपनीने जगभरातून २० उपक्रम साहाय्यासाठी निवडले, त्यांत या संस्थेचा समावेश होता.

यंत्र पतंग ओळखते म्हणजे काय करते? प्रथम असे वाटेल, की कोणी तरी त्याला नियम लिहून दिले असतील: रंग करडा, लांबी इतकी, पंखाला झालर. पूर्वी असे प्रयत्न पुष्कळ झाले. पण मोडक्या पंखापुढे नियम थिटे पडतात. लहान मूल कुत्रा ओळखावयास शिकते ते कोणत्या नियमाने? त्याला कोणी कुत्र्याची व्याख्या सांगत नाही. काळा, पांढरा, लंगडा, झोपलेला असे शंभर कुत्रे त्याला दिसतात. दर वेळी कोणी तरी "भूभू" म्हणते. मधून मधून ते बकरीलाही भूभू म्हणते, मग घरातले हसतात आणि चूक दुरुस्त करतात. यंत्राचे शिक्षणही याच वाटेने होते.

माणसाच्या मेंदूत असंख्य चेतापेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. १९४३ साली मॅकलक आणि पिट्स या दोघांनी अशा पेशीचे साधे गणिती रूप मांडले. १९५८ साली फ्रँक रोझनब्लाट यांनी त्यावरून शिकणारे यंत्र करून दाखविले. त्याचे कौतुक झाले, पुढे उपेक्षाही झाली. १९८९ मध्ये यान लकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी टपालावर हाताने लिहिलेले अंक अशा जाळ्याकडून वाचून घेतले. आता हे जाळे अनेक थरांचे असते, म्हणून त्याला सखोल जाळे म्हणतात. पहिल्या थराला केवळ उजेड आणि अंधार यांच्या कडा कळतात. दुसऱ्याला त्या कडांतून होणारी वळणे. त्यापुढच्या थरांना ठिपके, पंखाचा आकार, मिशा. प्रत्येक जोडणीला एक आकडा असतो. हे आकडे म्हणजे तंबोऱ्याच्या खुंट्याच समजा. मात्र तंबोऱ्याला चार खुंट्या, आणि येथे लाखो! यंत्राने पतंगाला माशी म्हटले की चूक किती झाली ते मोजतात, आणि प्रत्येक खुंटी केसभर पिळतात. मग पुढचे छायाचित्र. हजारो छायाचित्रे पुन्हा पुन्हा दाखविल्यावर जाळे सुरात लागते. कोणती खुंटी कशामुळे तेथे थांबली, हे मात्र ते यंत्र घडविणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही.

२०१२ साली टोरंटो विद्यापीठातील जेफ्री हिंटन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी सुमारे १२ लाख छायाचित्रांवर असे जाळे शिकविले. त्यांतील वस्तू १००० प्रकारच्या होत्या. चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत त्या जाळ्याने इतरांना फार मागे टाकले आणि जगाचे लक्ष या विद्येकडे वळले. हिंटन यांना २०२४ साली जॉन हॉपफिल्ड यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्या १२ लाख चित्रांना नावे कोणी दिली होती? देशोदेशींच्या माणसांनी एकेक चित्र पाहून ती दिली होती. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

कपाशीच्या पतंगांचेही तसेच. येथे तर काम दुहेरी होते. चिमूटभर धान्य पाहून ही तूर, हा मूग असे सांगणे म्हणजे वर्गीकरण. ताटभर तांदळात खडे कोठे आहेत आणि किती, हे पाहणे म्हणजे शोध. आई तांदूळ निवडते तेव्हा ती दोन्ही कामे एकदम करते, आणि त्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटत नाही. यंत्राला ते शिकवावयाचे, तर कीटक ओळखणाऱ्या माणसांनी प्रत्येक छायाचित्रातील प्रत्येक पतंगाभोवती एक चौकट आखावी लागते आणि त्या चौकटीला नाव द्यावे लागते. चौकट आखणारा कंटाळून चुकला, तर यंत्र ती चूकही निष्ठेने पाठ करते. पंतोजी 'ण'चा 'न' शिकवतील, तर शाळा 'न'च म्हणणार.

शिकलेले यंत्रही शेतात आले की गोंधळते. कागद चुरगळलेला असतो, संध्याकाळची सावली पडते, दोन पतंग एकमेकांवर चढलेले असतात, स्वस्त मोबाईलचे चित्र धूसर येते. रानात मोबाईलला संदेश मिळेलच असा भरवसा नाही, म्हणून हे जाळे लहान करून, बाहेरच्या मदतीवाचून मोबाईलमध्येच चालेल असे करावे लागले. सापळ्याऐवजी भलत्याच वस्तूचे चित्र कोणी दिले, तर ते बाजूला काढण्याचेही शिक्षण द्यावे लागले.

यंत्र किती धीट असावे, हा प्रश्न त्याहून अवघड. शेतावरचा एक राखणदार पाचोळा वाजला तरी ओरडतो. त्याच्या हाकेने गाव रोज उठते आणि एके दिवशी उठेनासे होते. दुसरा राखणदार चोर डोळ्यांनी दिसल्यावाचून बोलत नाही. तोवर कणसे गेलेली असतात. यंत्राला यांपैकी कोणासारखेही करता येते. संशयास्पद ठिपका पतंग म्हणून मोजावा की नाही, याची रेषा माणसालाच आखावी लागते. ७ आणि ९ यांत फरक दोनचाच, पण मधे ८ उभा आहे.

नांदेडहून लातूरकडे निघाले की रान पालटते. कपाशी मागे पडत जाते आणि सोयाबीनचा हिरवा गालिचा सुरू होतो. २००८ साली पाने खाणाऱ्या अळ्यांनी राज्यातील सोयाबीनचा मोठा फडशा पाडला. त्यानंतर २००९ पासून कृषी विभागाने 'क्रॉपसॅप' ही किडींच्या पाहणीची योजना चालविली. माणसे ठरलेल्या शेतांत जात, झाडे तपासत, अळ्या मोजत आणि आकडे लिहून पाठवीत. पतंगांवर शिकलेल्या मोबाईलला या रानात काही कळले नसते. येथील किडींची छायाचित्रे त्याला पहिल्यापासून दाखवावी लागली असती.

पुढे २०२२ च्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यात आणखी निराळेच संकट आले. शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात कुरतडली. शेतकऱ्यांनी पेरण्या पुन्हा केल्या. लोक पहाटे बादल्या घेऊन रानात जात आणि गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकीत. ज्या यंत्राला दोनच नावे शिकविली आहेत, त्याच्यापुढे गोगलगाय ठेवली, तर ते त्या दोहोंपैकीच एक नाव तिला चिकटविते. 'मला माहीत नाही' हे उत्तरही त्याला निराळे शिकवावे लागते. हा दोष त्याच्या एकट्याचा म्हणवत नाही. पुष्कळ शहाण्या माणसांनाही ते उत्तर उशिरा येते.

नांदेडच्या रानात माघात शेवटची वेचणी होते. वाळलेल्या पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवतात. चुलीला त्या फार चांगल्या. त्यांना चिकटून राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी अळी झोपी जाते, ती पुढचा पाऊस पडेपर्यंत. ती उडत नाही, सापळ्यात येत नाही, म्हणून कोणत्याही छायाचित्रातही येत नाही. तिच्यासाठी पऱ्हाट्या वेळीच उपटून शेताबाहेर काढाव्या लागतात, आणि हे काम अजून हातांनीच होते.