अर्धी खिडकी जपून ठेवा



गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीला मी "राहू दे आता" म्हणाले. तिचं म्हणणं बरोबर होतं, तरीही. कारण माझ्या लॅपटॉपमधला पसारा!

आमच्या रत्नागिरीचा थिबा राजवाडा तुम्ही पाहिला असेल. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. १९१० मध्ये हा वाडा बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. सममिती शिकवण्यासाठी मी वाड्याचा दर्शनी भाग इंकस्केपमध्ये काढला. मुलांनी तो कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचा होता. इंकस्केप फुकट आहे, नेट नसलं तरी चालतं.

एक चौकोनी खिडकी काढली, ती कॉपी-पेस्ट करत गेले. डावी बाजू झाली की उलटून उजवीकडे ठेवली, सगळं एकसंध केलं नि त्याच फाईलवर सेव्ह. नावं विचारूच नका. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरी".

रविवारी ती मुलगी आजीबरोबर राजवाडा बघून आली. "बाई, तिथल्या खिडक्या वरनं गोल आहेत. तुमच्या चौकोनी आहेत."

दुरुस्त करायचं म्हणजे प्रत्येक खिडकी पुन्हा काढायची. म्हणून ते "राहू दे". ती गप्प बसली. नीट निरीक्षण करा, असं आपणच रोज सांगतो ना मुलांना?

दिवाळीच्या सुट्टीत सगळं नव्याने केलं. आता फक्त अर्धी खिडकी काढते. ऑल्ट दाबून डी दाबलं की तिचा क्लोन होतो, एच दाबलं की तो आरशासारखा उलटतो. दोन्ही जोडून एक ग्रुप करायचा, आणि पुढच्या सगळ्या खिडक्या म्हणजे त्या ग्रुपचे क्लोन. साध्या कॉपीचा मूळ चित्राशी संबंध तुटतो, क्लोनचा राहतो. मूळ बदललं की सगळे बदलतात. फक्त मूळ त्याच फाईलमध्ये असायला हवं. मी ते पानाच्या बाहेर, कडेला ठेवते.

एक ठेच मीही खाल्ली. अर्ध्या खिडकीला मधल्या रेषेवरही कड काढली होती, ती छापून आली आणि दोघातिघांनी खिडक्या मधोमध कापल्या! मधली बाजू उघडीच ठेवा. पाटीवरची अक्षरंही अर्ध्या भागात घेऊ नका, उलटी होतात. ती वेगळ्या लेयरवर.

फोल्डर आता दोनच आहेत, "मूळ" आणि "छपाई". एकसंध करायचं ते छपाईतल्या प्रतीवर, मूळ फाईलवर कधीच नाही. नावात वस्तू आणि भाग येतो, "राजवाडा_खिडकी_अर्धी" असं. "फायनल" शब्दाला बंदी.

सुट्टीनंतर त्या मुलीला लॅपटॉपजवळ बोलावलं. अर्ध्या खिडकीचा वरचा कोपरा तिनेच ओढून गोल केला, आणि सगळ्या खिडक्या एकदम गोल झाल्या. ती जरा वेळ बघत राहिली.

"बाई, अजून थोडी उंच पाहिजे."

माउस तिच्याच हातात होता.