कळफलकाची खरेदी

आमच्या घरांतील संगणकाचा जुना कळफलक निकामी झाला, तेव्हां नवा आणण्याचें काम बाबांनीं मजवर सोंपविलें. बाबा कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज टंकलिखित करून देतात. उरलेलें काम रात्रीं घरीं करितात. पैसे हातांत देतांना ते एवढेंच म्हणाले, "नीट पाहून आण. त्यावर घर चालतें."

दुकानांत माझी दृष्टि एका दिमाखदार कळफलकावर खिळली. नेहमींच्या कळांच्या वर आणखी एक रांग होती. एक कळ दाबली कीं गाणें सुरू, दुसरीनें आवाज कमी-अधिक, तिसरीनें गणकयंत्र पुढें, चौथीनें टपाल हजर! साधा कळफलक पुढें करीत दुकानदारानें विचारलें, "कोणासाठीं हवा?" मी म्हणालों, "घरासाठीं." हें उत्तर अर्धेंच खरें होतें.

त्याच रात्रीं एका शेतकऱ्याचा अर्ज तयार करावयाचा होता; सकाळीं तो कचेरींत देणें भाग होतें. बाबा इन्स्क्रिप्ट पद्धतीनें टंकलेखन करितात. तींत स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे, आणि 'क' व 'ख' एकाच कळेवर असतात. 'एफ' व 'जे' या कळांवरील बारीक उंचवटे बोटांस लागले कीं त्यांना खालीं पहावें लागत नाहीं. परंतु या नव्या कळफलकावर, बाणांच्या कळांच्या वरच, संगणक बंद करण्याची कळ बसविली होती. चूक खोडावयास गेलेलें बोट नेमकें तिच्यावर पडलें. 'मजकूर जतन करावयाचा काय?' असा प्रश्न पडद्यावर उमटला. बाबांची नजर कागदावर होती, आणि धांवत्या बोटांकडून त्यास नकार गेला. दोन पानें नाहींशीं झालीं.

बाबा रागावले असते तर बरें वाटलें असतें. त्यांनीं चष्मा पुसला, संगणक पुन्हां सुरू केला व म्हणाले, "तूं वाच, मी लिहितों." मी वाचीत गेलों, प्रत्येक परिच्छेद संपतांच 'कंट्रोल' व 'एस' या कळा एकदम दाबून ते मजकूर जतन करीत. मध्यरात्रीनंतर अर्ज पुरा झाला. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, जतन करणें, नक्कल करणें, चूक मागें घेणें, या खऱ्या कामाच्या युक्त्या साध्या कळफलकावरही होत्याच!

दुसऱ्या दिवशीं संगणकाच्या मांडणींत जाऊन, ती कळ दाबल्यास कांहींच होऊं नये, अशी योजना मीं केली. न्यायानें बोलावयाचें तर आवाजाची कळ मात्र उपयोगी पडते. आजीला झोंप लागली कीं बाबा काम न थांबवितां एका बोटानें नाट्यगीत हलकें करितात.

असो. मित्रहो, कळफलकावर कळा किती आहेत हें मीं मोजलें. त्यावर बोटें कोणाचीं फिरावयाचीं आहेत याचा विचार मात्र केला नाहीं. आतां दुकानदारानें पुन्हां विचारलें तर मी सांगेन, "बाबांसाठीं."