गंजिफाबाई

बाई गोल आहेत आणि त्यांना पिसलेलं खपत नाही. बावन्न पानांचा कॅट कसा, अर्धा इकडे अर्धा तिकडे, फर्रर्र केलं की झालं. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते; ती तशी हाताळली तर रंगाचे टवके उडतील. तिला कापडावर पालथी पसरायची, हलक्या हाताने कालवायची आणि मग एकेक पान उचलायचं. पानंही थोडीथोडकी नाहीत, 120. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पानं: एक राजा, एक प्रधान, बाकी एक्क्यापासून दश्शीपर्यंत. राजा म्हणजे खुद्द अवतार.

आमच्या परभणीकडे पत्ते म्हटले की झब्बू, बदाम सात आणि उन्हाळ्याच्या दुपारी मेंढीकोट. दश्शा पकडायच्या आणि समोरच्यावर कोट चढवायचा, एवढंच ध्येय. गंजिफा म्हटलं तर दहांतले नऊ जण विचारतील, हे काय असतं? आणि गंमत अशी, की बाईंचं एक माहेर आमच्या नदीच्याच काठावरच्या मुलखात होतं. गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेडवरून नांदेडला जाते आणि पुढे निर्मळच्या बाजूने वाहते. त्या निर्मळचे नक्काश गंजिफा रंगवायचे. 1956 पर्यंत परभणी आणि निर्मळ एकाच हैदराबाद राज्यात होते. मग राज्यं भाषेप्रमाणे वेगळी झाली आणि आपण बाईंची चौकशी करायला थेट कोकणात सावंतवाडीला जाऊ लागलो.

बाईंचं वय विचारू नये, पण कागदोपत्री नोंदी आहेत. 1527 मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचं त्याच्याच आत्मचरित्रात आहे. नातू अकबर त्याच्याही पुढचा. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या गंजिफेचं वर्णन केलं आहे: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती असे एकेक राजे, खाली सुरपती, असुरपती, थेट सापांचा अहिपती. पानं 144. आणि बादशहाने त्यात स्वतः फेरफार केले, हेही तो सांगतो. म्हणजे राज्य चालवता चालवता हा माणूस पत्त्यांचा खेळ नव्याने आखत होता! मला तर हे दीन-ए-इलाहीपेक्षा जास्त टिकाऊ काम वाटतं. पुढे मोगली गंजिफा आठ रंग आणि 96 पानांवर रुळली. आपल्याकडे बाईंनी घर बदललं तसे रंगही बदलले: ताज-शमशेर गेले, दशावतार आले. बारा पानांची शिस्त मात्र तीच राहिली.

स्वभावाने बाई कडक. हुकूम नावाची लाचलुचपत त्यांच्याकडे चालत नाही. दुर्रीने राजा मारला, असले चमत्कार नाहीत. वरचं पान जिंकतं. पण वरचं कोणतं, इथे खोडी आहे. राजा आणि प्रधान सगळीकडे मोठेच; त्यानंतर पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत उलटी उतरंड, एक्का मोठा. तीन खेळाडू, प्रत्येकाला 40 पानं. कुठल्या रंगातलं काय पडून गेलं हे ज्याच्या ध्यानात राहील, त्याचा डाव. मोबाइलवर नंबर साठवून आपली स्मरणशक्ती पेन्शनीत निघाली, त्यामुळे बाई आज आपल्याला अवघड वाटतात. दोष त्यांचा नाही.

छापील बावन्न पानं स्वस्तात मिळू लागली तशी बाईंना ओहोटी लागली. हाताने केलेलं पान त्या भावात कसं परवडणार? चिंचोक्याची खळ, खडूचा लेप, घोटाई, मग कुंचल्याने रंग, वर लाख. सावंतवाडीत ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी म्हातारे झाले, तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी स्वतः त्यांच्याकडे शिकायला बसले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच मोजक्या कारागिरांचं काम उभं राहिलं, ते आजही चालू आहे. 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. राजाने चिताऱ्यापुढे शिष्य म्हणून बसावं, हा या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. दुःख एवढंच, की विकत घेणारे बहुतेक जण बाईंना काचेत बसवतात. खेळत कोणी नाही.

आणि खेळायला, नव्याने आखायलाही, बाई फार मोकळ्या आहेत. बादशहाला त्यांनी नाही म्हटलं नाही, चिताऱ्याला नाही, मग परभणीच्या चार जणांना कशाला म्हणतील? एक चित्र काढणारा, एक हिशेबी, एक खेळाचं वेड असलेला आणि एक सतत शंका काढणारा (हा लागतोच). दहा रंग हवेत ना? खरिपाचे पाच: कापूस, सोयाबीन, तूर, मूग, उडीद. रब्बीचे पाच: ज्वारी, हरभरा, करडई, गहू, जवस. ज्वारीच्या राजाला कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’ वाणाचं नाव द्यावं. भरल्या टपोऱ्या कणसाला मुकुट वेगळा काढायलाच नको. खरिपात दश्शी मोठी, रब्बीत एक्का. आमच्याकडे दोन हंगामांचे हिशेब तसेही उलटेसुलटे असतात. शंका काढणारा विचारेल, कापसाचा प्रधान कोण? बोंडअळी म्हणाल तर शेतकरी डाव सोडून उठेल. यावर आठवडाभर भांडा. खेळ असाच घडतो. आधी पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांवर पेनाने आकडे घालून खेळून पाहायचं, जिथे डाव रेंगाळतो तो नियम मोडायचा, रंगरंगोटी सगळ्यांत शेवटी. आधी सुंदर पानं रंगवून मग नियम शोधणारे पुष्कळ असतात. त्यांचे खेळ कपाटात जातात.

तोवर जुन्या बाईंशीच ओळख करून घ्या. सावंतवाडीचा संच महाग वाटला तर पुठ्ठा कापा, पण तिघं जण बसा. सुरुवातीलाच भांडण नको, म्हणून नियम सांगून ठेवतो: दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्या हाती, त्याची उतारी, दिवेलागणीनंतर कृष्णाचा.